मॉडेल रेल्वेच्या डब्यातला भगभगीत उजेड कमी करताना

टेबलावर नाशिकरोड स्थानक मांडलं, खोलीतला दिवा मालवला, पंचवटी एक्सप्रेस फलाटाला लागली, की डब्यांचा उजेड डोळ्यांत खुपतो. खिडक्या पांढऱ्याफटक दिसतात आणि प्लास्टिकच्या टपातूनही उजेड झिरपतो.

बल्बला रंग फासू नका. १२ व्होल्ट, ६० मिलिअँपचा चिमुकला बल्बही ०.७२ वॉट खातो. त्या उष्णतेने रंग करपतो, टप वाकतो. विजेचा दाबच (व्होल्टेज) कमी करायला हवा. तारेच्या बल्बचा उजेड दाबाच्या साधारण साडेतीनाव्या घाताने बदलतो, म्हणून १२ ऐवजी ९ व्होल्ट दिले की तो सुमारे ३७ टक्क्यांवर येतो. रंग उबदार पिवळा होतो, बल्ब कितीतरी जास्त टिकतो.

त्यासाठी बल्बच्या एका वायरमध्ये रेझिस्टर (विजेला रोध करणारा सुटा भाग) एकसर, म्हणजे एकामागोमाग एक, जोडायचा. घोटाळा होतो तो किंमत काढताना. मल्टिमीटरने थंड बल्ब मोजला तर वीस-पंचवीस ओहम दिसतात, त्यावरून सात-आठ ओहमचा रेझिस्टर लावला जातो आणि उजेडात काही फरक पडत नाही. पेटल्यावर तार तापते, रोध २०० ओहमपर्यंत चढतो. हिशोब पेटलेल्या बल्बचाच धरायचा: ९ व्होल्टला करंट सुमारे ५१ मिलिअँप, रेझिस्टरवर ३ व्होल्ट, म्हणजे ५९ ओहम. बाजारात ५६ ओहमचा मिळतो. त्यात ०.१५ वॉट उष्णता होते. पाव वॉटचा चालेल, पण बंद डब्यात तो तापतो. अर्ध्या वॉटचाच घ्या. डाख देण्याआधी डब्याबाहेर जोडून, गाडीचा वेग ठरवणारा कंट्रोलर पूर्ण फिरवून, अंधारात बघा. उजेडी खोलीत अंदाज हमखास चुकतो.

एकाच रेझिस्टरवर अनेक बल्ब टांगू नका, एक उडाला की बाकीचे जास्त प्रखर होतात. तिथे डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) बरे: १एन४००७ जातीचा डायोड प्रत्येकी सुमारे ०.७ व्होल्ट खातो, करंट कितीही असो. गाडी उलटी धावली की रुळांतल्या विजेची दिशा बदलते, म्हणून डायोड दोन्ही दिशांना हवेत. सोपी युक्ती अशी: ब्रिज रेक्टिफायरचे (चार डायोड एकत्र असलेला चार पायांचा भाग) अधिक-उणे पाय एकमेकांना जोडा आणि एसीचे दोन पाय वायरमध्ये घाला. दोन्ही दिशांना सुमारे १.४ व्होल्ट कमी होतात; ३ व्होल्टसाठी असे दोन. मात्र कंट्रोलर हळू ठेवला की डब्यात अंधार जास्त वाटेल, कारण डायोड तेवढेच व्होल्ट खातो.

एलईडी असेल तर हे गणित लागू नाही. तिथे ४७० ओहमऐवजी ४.७ किलोओहम लावून बघा. शेवटी प्रत्येक जोडावर हीटश्रिंक नळी (गरम केल्यावर आक्रसून घट्ट बसणारी प्लास्टिकची नळी) चढवा. उघडी वायर धातूच्या चाकाला टेकली की रूळ शॉर्ट होतात.