सोलापूरची जुनी प्रवासचित्रे आणि अडीच फुटी रुळांचा वाद

सोलापूर जिल्ह्यातल्या प्रवासाची आणि वाहतुकीची जुनी छायाचित्रे चाळताना इंजिने आणि पूल मुबलक दिसतात, माणसे मात्र चौकटीच्या कडेला. कॅमेरा बहुतेक वेळा रेल्वे कंपनीसाठी उभा असे. झालेले काम भागधारकांना दाखवायचे होते, उतारूंची नोंद ठेवायची नव्हती.

मोठी, म्हणजे साडेपाच फुटी रुळांची, मुंबईकडून येणारी लाइन 1860 मध्ये सोलापूरला पोचली. बोरघाट खुला झाला 1863 मध्ये, त्यामुळे मधली तीन वर्षे मुंबईचा प्रवास घाटात रस्त्यानेच करावा लागे. 1874 मध्ये वाडी जंक्शनहून सिकंदराबादची लाइन निघाली, 1877 मध्ये शहरात पहिली कापडगिरणी सुरू झाली, आणि याच काळात 1876 ते 1878 चा मोठा दुष्काळ पडला. तेलंगणातली विणकर कुटुंबे सोलापुरात येत राहिली त्यामागे दुष्काळ आणि काम, दोन्ही होते. त्या दुष्काळाची जी छायाचित्रे आज सर्वत्र फिरतात ती मुख्यतः मद्रास इलाख्यातली आहेत. ती सोलापूरच्या मजकुराला जोडू नयेत.

खरा वाद आहे ‘बार्शी लाइट’ या अरुंद रुळांच्या छोट्या रेल्वेचा. मोठ्या लाइनने बार्शीची कापसाची पेठ सुमारे 21 मैल बाजूला टाकली होती. जवळचे स्टेशन कुर्डुवाडी, त्या काळच्या फोटोंवर ‘बार्शी रोड’ असे लिहिलेले. 1897 मध्ये ही तूट भरून काढताना बार्शी लाइट कंपनीने दोन रुळांमध्ये साडेपाच फुटांऐवजी अडीच फुटांचेच अंतर ठेवले. हलके रूळ आणि हलकी इंजिने, म्हणून खर्च कमी. आराखडा हुशारीचा होता यात शंका नाही. प्रत्येक आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार येणार नाही, अशी गाडीची बांधणी होती. ही गाडी आधी इंग्लंडमध्ये, लीड्सजवळ खास टाकलेल्या रुळांवर चालवून पाहुण्यांना दाखवली गेली. तेव्हा तिच्या सुरुवातीच्या एखाद्या चित्रात मागे इंग्रजी शेते दिसली तर चकित होऊ नये.

स्वस्त पर्याय नसता तर बार्शीला तेव्हा रेल्वे मिळालीच नसती, असे समर्थक म्हणतात. ते खरेही असेल. पण वाचलेल्या पैशाची किंमत कुर्डुवाडीच्या धक्क्यावर मोजली गेली. कापसाची प्रत्येक गाठ छोट्या डब्यातून उतरवायची, पाठीवर घ्यायची, मोठ्या डब्यात चढवायची. हे हमालांचे काम कित्येक दशके चालले. उतारूंचीही तीच तऱ्हा: ट्रंक, वळकटी, कडेवर मूल, आणि गाडी बदलायची घाई. खर्च कमी झाला असे म्हणताना हे श्रम हिशेबात धरायला हवेत.

लाइन 1906 मध्ये पंढरपूरला, 1911 मध्ये लातूरला आणि 1927 मध्ये मिरजेला पोचली. लांबी सुमारे 325 किलोमीटर झाली, तशी रुळांची रुंदी बदलणे आणखी महाग झाले. 1954 मध्ये ती सरकारकडे गेली. तरीही ब्रॉडगेज, म्हणजे साडेपाच फुटी रूळ, यायला नवे शतक उजाडावे लागले. तेवढ्या वर्षांत एसटी गावोगाव पोचली, आणि लातूर-बार्शीकडच्या कितीतरी लोकांनी पुणे गाठले ते एसटीनेच. सोलापूरच्या गिरण्या बंद पडल्यावर शहरातल्या कामगारांची मुलेही पुण्याकडे निघाली. 2001 पासून सोलापूर-पुणे हुतात्मा एक्स्प्रेस त्यांची रोजची वाट झाली. या स्थलांतराचे फोटो संग्रहालयांत कमी आणि घरोघरच्या अल्बममध्ये जास्त आहेत. ते आताच गोळा केले पाहिजेत.

जुन्या फोटोवर तारीख नसेल तर आधी रूळ पाहावेत. सोलापूरजवळच्या होटगी जंक्शनच्या फोटोत मीटरगेज (एक मीटर अंतराचे रूळ) असेल तर तो गदगकडची लाइन आल्यानंतरचा, म्हणजे 1884 च्या आधीचा नाही. कुर्डुवाडीत मोठ्या रुळांशेजारी अडीच फुटी रूळ असतील तर 1897 च्या आधीचा नाही. पंढरपूर स्टेशनात ब्रॉडगेज दिसले, तर तो फोटो कोणीही कितीही जुना म्हणून दाखवो, चालू शतकातलाच आहे.