द्राक्षाचा कंटेनर आणि जहाजाच्या खर्चातला वाटा : पार्श्वभूमी

दिंडोरी-निफाडकडचा रीफर, म्हणजे माल थंड ठेवणारा कंटेनर, न्हावा शेवाला जहाजावर चढला की पॅकहाऊसचं काम संपतं, माल पैसे होऊन येईपर्यंतची धाकधूक मात्र संपत नाही. युरोपच्या बाजारात भाव नंतर ठरण्याच्या बोलीवर गेलेल्या मालाचा धोका बराच काळ पाठवणाऱ्याच्याच डोक्यावर असतो. वाटेत जहाजाला काही झालं, तर त्याच्या सुटकेचा खर्चही मालवाल्यांवर येऊ शकतो. या नियमाला ‘जनरल अ‍ॅव्हरेज’ म्हणतात.

मूळ कल्पना भूमध्य समुद्रातल्या प्राचीन व्यापाऱ्यांची. वादळात जहाज वाचवण्यासाठी एकाचा माल समुद्रात फेकला, तर ज्यांचा माल वाचला त्या सगळ्यांनी त्याची भरपाई करायची. मूठभर व्यापारी आणि एकच जहाज असताना हे रास्तच होतं. १९५६ साली अमेरिकेत कंटेनरची पहिली सागरी फेरी झाली तेव्हा जहाजावर ५८ पेट्या होत्या. २०१७ नंतरच्या मोठ्या जहाजांवर वीस फुटी मापाने २०,००० पेट्या मावतात आणि त्यातला माल हजारो लोकांचा असतो. खलाशी मात्र वीस-पंचवीसच. चार तास पहारा, आठ तास सुट्टी, अशी पाळी. सुट्टीच्या तासांतही दुरुस्ती आणि कागदपत्रं सुटत नाहीत. रीफरचं तापमान बघणारा इलेक्ट्रिशियन बहुतेकदा एकच.

२३ मार्च २०२१ रोजी ४०० मीटर लांबीचं ‘एव्हर गिव्हन’ हे कंटेनर जहाज सुएझ कालव्यात आडवं झालं. आपल्याकडे तेव्हा द्राक्षाचा ऐन हंगाम होता. २९ मार्चला जहाज मोकळं झालं, तोवर ४०० हून जास्त जहाजं खोळंबली होती. त्यानंतर थोड्याच दिवसांत जहाजमालकाने जनरल अ‍ॅव्हरेज जाहीर केलं.

जहाजमालक आणि मालवाले यांच्यातल्या वादाचं मूळ या निर्णयात आहे. जहाजावर सुमारे १८,३०० कंटेनर होते आणि माल शाबूत होता. तरी प्रत्येक मालवाल्याला आधी हमीपत्र द्यायचं होतं. विमा असेल तर विमा कंपनी हमी देते, नसेल तर रोख अनामत भरावी लागते. त्याशिवाय पेटी सुटत नाही. मालकाची बाजू अशी, की ओढबोटी, गाळ उपसणं, बचाव पथक हा खर्च जहाज आणि माल दोन्ही वाचवण्यासाठी झाला. कायद्याने हे बरोबर आहे. पण जहाज चालवण्यात मालवाल्याचा हात काय? जहाज प्रवासाला निघतानाच योग्य स्थितीत नव्हतं हे सिद्ध झालं, तर वाटा नाकारता येतो. ते सिद्ध करायला परदेशात वर्षानुवर्षं वकील पोसायची ताकद लागते, आणि ती छोट्या निर्यातदाराकडे नसते.

द्राक्षवाल्याला त्याहून झोंबणारी गोष्ट म्हणजे उशिरामुळे झालेलं नुकसान या हिशेबात धरलंच जात नाही. नेहमीच्या माल-विम्यातही उशीर वगळलेला असतो. ग्रेपगार्ड (द्राक्षं सडू नयेत म्हणून पेटीत ठेवायचा गंधकाचा कागद) किती दिवस टिकेल याचा हिशेब करून पाठवलेला माल खोळंब्यात सडला, तर त्याचे पैसे कोणी देत नाही. वाचला, तर वाटा द्यायचा.

पुढे कालव्याच्या प्राधिकरणाने ९१ कोटी ६० लाख डॉलरचा दावा लावून जहाज जप्त केलं. त्यात ३० कोटी केवळ प्रतिष्ठेच्या हानीचे होते. दावा ५५ कोटींवर आला, अखेर तडजोड झाली आणि ७ जुलैला जहाज निघालं. अपघाताच्या वेळी त्यावर २५ भारतीय खलाशी होते. काहींची बदली झाली, बाकीचे कालव्याच्या वाटेवरच्या ग्रेट बिटर सरोवरात अडकून पडले. चर्चा मात्र पेट्यांचीच जास्त झाली.

वाटा किती जड होऊ शकतो हे २०१८ मध्येच दिसलं होतं. अरबी समुद्रात ‘मार्स्क होनाम’ या कंटेनर जहाजाला आग लागून पाच खलाशी गेले. नंतर मालवाल्यांकडे मालाच्या किमतीच्या ५४ टक्के हमी मागितली गेली, त्यातले ४२.५ टक्के बचावकार्यासाठी. मार्च २०२४ मध्ये बाल्टिमोरचा पूल पाडणाऱ्या ‘दाली’ जहाजाच्या मालकानेही जनरल अ‍ॅव्हरेजचीच वाट धरली. तिथेही खलाशी जवळपास सगळे भारतीय होते आणि कित्येक आठवडे त्यांना जहाज सोडता आलं नाही.

२०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रात हल्ले सुरू झाल्यावर बहुतेक जहाजं आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागली आणि आपल्या द्राक्षांचा प्रवास साधारण दोन आठवड्यांनी लांबला. त्यात मालाची प्रत उतरली, तर तोही उशीरच, म्हणजे भरपाई नाही. तेव्हा कंटेनर भरण्याआधी एजंटला दोन गोष्टी विचाराव्यात : विमा कोणाच्या नावावर आहे, आणि त्यात जनरल अ‍ॅव्हरेज धरलंय का.