धाब्यावरचं काम: सांगणं वेगळं, सोपवणं वेगळं

बडोद्यात दांडिया बाजारातल्या एखाद्या जुन्या घराचं धाबं, म्हणजे सपाट छत, घ्या. त्यावर ऊन परतवणारा पांढरा लेप द्यायचा आहे. सकाळी चार माणसं आणि त्यांचा प्रमुख वर उभे आहेत. प्रमुखाला काम नुसतं सांगितलंय की सोपवलंय, हे बघून कळत नाही. दोन्ही प्रकारचे प्रमुख हजेरी घेतात, माल मोजून घेतात, ओरडतातही सारखेच.

फरक कळतो तो ओल तपासायला लावलेलं प्लास्टिक उचलल्यावर. आदल्या दिवशी दुपारी 4 वाजता दीड फूट बाय दीड फूट पारदर्शक प्लास्टिक चारही कडांनी टेप लावून चिकटवायचं आणि सकाळी 8 ला, म्हणजे 16 तासांनी, उचलायचं. खालून थेंब धरलेले असले किंवा स्लॅब काळपट पडलेला असला, तर ओल आहे. तशात लेप दिला की ऊन चढल्यावर आतली वाफ त्याला वर ढकलते, फोड येतात, आणि पावसाळ्यात पापुद्रे सुटतात.

ज्याला काम सांगितलंय तो थेंब बघतो आणि ठेकेदार शेठना फोन लावतो. फोन लागत नाही. प्रायमरचा डबा उघडलेला, चौघांची मजुरी चालू. शेवटी 11 वाजता तो लेप सुरू करतो. तोवर स्लॅब इतका तापलेला असतो की लेप वरून वाळतो, खाली नीट धरत नाही. म्हणजे एकावर दुसरी चूक. पण दोष त्याच्या माथी मारण्यात अर्थ नाही, थांबायची मुभा त्याला कुणी दिलीच नव्हती.

ज्याला सोपवलंय त्याच्याशी आदल्या दिवशीच तीन गोष्टी ठरलेल्या असतात: कशावर थांबायचं, थांबल्यावर माणसं कुठे लावायची (कठड्याच्या भेगा, पाइपांभोवतीचे सांधे, कोपऱ्यातली गोलाई), आणि खाडा पडला तर तो कुणाच्या खिशातून. तिसरी गोष्ट बहुतेक ठेकेदार बोलतच नाहीत. मग पहिल्या दोन कागदावरच राहतात.

माणूस तयार करायचा तर एका वेळी एकच निर्णय द्यावा. आधी फक्त ओलीची चाचणी. ती जमली की मालाचा हिशेब. धाबं 60 चौरस मीटर आहे आणि डब्यावर दोन्ही हात मिळून लिटरला 2 चौरस मीटर लिहिलंय, तर 30 लिटर संपायला हवेत. 20 मध्ये उरकलं असेल, तर लेप पातळ गेला किंवा त्यात जास्त पाणी घातलं गेलं. धाबं पांढरं दिसतंय एवढ्यावर न भुलता जो रिकामे डबे मोजतो, त्याला पुढचा निर्णय द्यायला हरकत नाही.

तो पुढचा निर्णय घरमालकाशी बोलण्याचा. "काकू, उत्तरायणाला वर किती जण चढतात?" हा प्रश्न कोटेशनमध्ये नसतो. पंचवीस-तीस जण दिवसभर पतंगासाठी वर नाचणार असतील, तर नुसता लेप लवकर झिजेल. तिथे फरशीच्या पांढऱ्या तुकड्यांचं चायना मोझेक बरं, तेही ऊन परतवतं.

काही निर्णय मात्र सोपवू नयेत. पांढरा लेप छताचं यू-मूल्य (छतातून उष्णता किती सहज आरपार जाते याचं माप; कमी तितकं चांगलं) बदलत नाही, ऊन परतवतो इतकंच. नव्या घरांसाठीच्या ऊर्जाबचतीच्या नियमांनी, म्हणजे इको-निवास संहिता 2018 ने, छताच्या यू-मूल्याला 1.2 ची मर्यादा घातली. त्याच मापाने जुनं घर सुधारायचं, तर स्लॅबवर उष्णतारोधक थर लागतो. 50 मिलिमीटर एक्सपीएस बोर्ड (उष्णता अडवणारा कडक फोम) टाकलं की हिशेब 0.5 च्या आसपास येतो. पण त्यात वजन, उतार, पाण्याचा निचरा, सगळंच बदलतं. ते काम इंजिनिअरचं.

नेहमीची चूक म्हणजे सगळ्यात हात बसलेल्या कडियालाच, म्हणजे गवंड्यालाच, प्रमुख करणं. दुसऱ्याचं काम बिघडताना दिसलं की तो थापी हिसकावून स्वतःच नीट करतो. भिंत सुंदर होते, पण तो साइटवर नसला की पुढची भिंत कुणालाच जमत नाही.