हॉकीच्या रिंकमधला फुटबॉल आणि ७३-७० ची फायनल

१२ ऑगस्ट २०११, ॲरिझोनातलं फिनिक्स शहर. घरची टीम ॲरिझोना रॅटलर्स, समोर फ्लोरिडाची जॅक्सनव्हिल शार्क्स, आणि अगदी शेवटच्या क्षणी शार्क्सचा क्वार्टरबॅक, म्हणजे पास टाकणारा मुख्य खेळाडू, ॲरन गार्सिया याने टाकलेला पास टचडाऊन झाला, म्हणजे मैदानाच्या टोकाच्या पट्ट्यात पोचला, आणि स्कोअर झाला ७३-७०. मी हा स्कोअर पहिल्यांदा वाचला तेव्हा मला चक्क बास्केटबॉल वाटलं होतं. पण हा अमेरिकन फुटबॉल होता, छताखाली खेळतात तो अरीना फुटबॉल, आणि ही मॅच म्हणजे अरीना बोल, म्हणजे त्या लीगची फायनल.

आता बाहेरच्या मोठ्या मैदानावरची फायनल म्हणजे सुपर बोल घ्या. तिथे दोन्ही टीमचे मिळून सगळ्यात जास्त पॉइंट झाले ते १९९५ च्या जानेवारीत, सॅन फ्रान्सिस्को ४९ आणि सॅन डिएगो २६, बेरीज ७५. फिनिक्समधली बेरीज १४३. चेंडू त्याच मापाचा, माणसं तशीच दांडगी, टचडाऊनचे पॉइंट तेच सहा, मग जवळजवळ दुप्पट स्कोअर आला कुठून? मला या खेळाचं वेड लागलं ते याच प्रश्नामुळे, कारण उत्तर शोधायला गेलं की आधी भूमिती लागते, मग भौतिकशास्त्र, आणि शेवटी माणसाच्या मेंदूपर्यंत जावं लागतं.

सुरुवात जागेपासून करू. जिम फॉस्टर नावाचा माणूस ११ फेब्रुवारी १९८१ ला न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये इनडोअर सॉकरची (आपण ज्याला फुटबॉल म्हणतो त्याची) मॅच बघत बसला होता, आणि बघता बघता त्याच्या डोक्यात आलं की सॉकर जर छताखाली होतो तर आपला फुटबॉल का नाही, मग हातात जे खाकी पाकीट होतं त्याच्यावरच त्याने मैदान काढलं. अमेरिकेत मोठ्या शहरांत आइस हॉकीचे हॉल असतात आणि हॉकीची रिंक २०० फूट लांब, ८५ फूट रुंद. अरीना फुटबॉलचं मैदान ५० यार्ड, वर दोन्ही टोकांना ८-८ यार्डांचे एंड झोन (टचडाऊनचे पट्टे), म्हणजे ६६ यार्ड, म्हणजे १९८ फूट. रुंदी ८५ फूट. झालं, रिंकमध्ये फिट्ट बसलं! खाली बर्फ तसाच ठेवायचा, वर फळ्या, वर कृत्रिम गवत, की मैदान तयार.

खरं तर छताखाली मोठी मॅच व्हायची ही पहिली वेळ नव्हती. १८ डिसेंबर १९३२ ला शिकागो बेअर्स आणि पोर्ट्समथ स्पार्टन्स यांच्यातला निर्णायक सामना हिमवादळामुळे शिकागो स्टेडियमच्या हॉलमध्ये घ्यावा लागला होता, मैदान कापून ८० यार्डांवर आणलं, जमिनीवर आधीच्या सर्कशीची माती तशीच होती, बेअर्स ९-० जिंकले. पण त्यातली खरी गंमत वेगळीच आहे. मैदानाच्या कडेला लगेच भिंत असल्यामुळे चेंडू कडेला गेला की तो दहा यार्ड आत आणून ठेवायचे, आणि ही तात्पुरती सोय पुढच्या वर्षी मोठ्या मैदानाच्या नियमातच आली. म्हणजे त्या एका रात्री हॉलने सगळ्या फुटबॉलला एक कायमचा नियम देऊन टाकला.

फॉस्टरची लीग १९८७ मध्ये चार टीम घेऊन सुरू झाली आणि पहिली अरीना बोल १ ऑगस्ट १९८७ ला पिट्सबर्गला झाली, डेन्व्हर डायनामाइटने पिट्सबर्ग ग्लॅडिएटर्सना ४५-१६ हरवलं.

आता थोडं गणित करू. मोठं मैदान एंड झोन धरून १२० यार्ड लांब आणि ५३ यार्डांहून थोडं जास्त रुंद, म्हणजे ६४०० चौरस यार्ड, खेळाडू २२, प्रत्येकाच्या वाट्याला साधारण २९० चौरस यार्ड. अरीनाचं मैदान १८७० चौरस यार्ड, खेळाडू दोन्हीकडून आठ-आठ म्हणजे १६, प्रत्येकी साधारण ११७. निम्म्याहूनही कमी जागा. आणि इथेच माणूस गोंधळतो, कारण कबड्डी खेळलेल्या कुणालाही वाटेल की जागा कमी म्हणजे पकडणाऱ्याचा फायदा, मग पॉइंट कमी व्हायला हवेत ना?

पण चेंडू हातातून फेकला जातोय हे विसरून चालत नाही. चांगला क्वार्टरबॅक ताशी ८० किलोमीटरने चेंडू फेकतो, म्हणजे सेकंदाला २२ मीटर. दहा यार्डांवर उभ्या असलेल्या रिसीव्हरकडे, म्हणजे पास झेलणाऱ्याकडे, हा चेंडू ०.४ सेकंदात पोचतो. दिसलेल्या गोष्टीला प्रतिसाद द्यायला निरोगी तरुण माणसाला कमीत कमी ०.२ सेकंद लागतात, यात सरावाने फार फरक पडत नाही, डोळा मेंदूला सांगणार, मेंदू पायाला सांगणार, त्याला तेवढा वेळ लागतोच. म्हणजे डिफेंडरच्या हातात उरले ०.२ सेकंद, सेकंदाला ७ मीटर वेगाने तो तेवढ्यात दीड मीटरसुद्धा धड जात नाही. मोठ्या मैदानावर ४० यार्डांचा लांब पास दीड-दोन सेकंद हवेत असतो, तेवढ्या वेळात डिफेंडर दहा-बारा मीटर कापून येतो आणि चेंडू हिसकावतो. छोट्या मैदानावर जवळपास सगळेच पास जवळचे, म्हणून चेंडू माणसाला हरवतो.

त्यात अजून एक नियम आहे आणि माझ्या मते ७३-७० चं सगळ्यात मोठं कारण तोच आहे. अरीना फुटबॉलमध्ये खेळ सुरू व्हायच्या आधीच एका रिसीव्हरला मागून पुढे पळत यायची परवानगी असते. क्रिकेटमध्ये नॉन-स्ट्रायकर बॅकअप करतो, बॉलरने बॉल सोडला की तो आधीच चालत्या पायावर असतो, तसंच, फक्त इथे तो फुल स्पीडला असतो. उभ्या जागेवरून पळायला लागलेल्या माणसाला पहिले दहा मीटर कापायला पावणेदोन-दोन सेकंद लागतात, कारण तेव्हा सगळी ताकद वेग कमवण्यात जाते. सेकंदाला ८ मीटर वेगाने आधीच पळत असलेला तेच अंतर सव्वा सेकंदात कापतो. फरक अर्ध्या सेकंदाचा, पण त्या वेगाने अर्धा सेकंद म्हणजे चार मीटर, आणि चार मीटर मोकळा असलेला रिसीव्हर म्हणजे टचडाऊनच समजा. शिवाय बचावाच्या मधल्या फळीतल्या खेळाडूंना कुठे उभं राहायचं आणि कुणी क्वार्टरबॅकवर धावून जायचं यावरही बंधनं, आणि पंट मारून चेंडू लांब घालवायची सोय नाहीच. सगळा तराजू जाणूनबुजून हल्ल्याकडे झुकवलेला.

आता माझा सगळ्यात आवडता भाग, जाळी. गोलपोस्ट, म्हणजे ज्याच्या मधून किक घालवली की पॉइंट मिळतात तो, इथे अरुंद आहे, ९ फूट रुंद आणि आडवी दांडी १५ फुटांवर, मोठ्या मैदानावर रुंदी साडेअठरा फूट आणि दांडी १० फुटांवर असते. ३० यार्डांवरून किक मारणाऱ्याला मोठ्या मैदानावरचा गोल साधारण १२ अंशांच्या कोनात दिसतो, अरीनाचा ६ अंशांहूनही कमी, म्हणजे मधल्या रेषेपासून तीन अंश इकडे-तिकडे झालं की किक गेली. पण ती वाया जात नाही! पोस्टच्या दोन्ही बाजूंना ३० फूट रुंद आणि ३२ फूट उंच ताणलेली जाळी असते, किक तिच्यावर आपटून परत मैदानात येते आणि खेळ चालूच राहतो, ज्याच्या हाती लागेल त्याचा चेंडू.

कॅरममध्ये आपण रिबाउंड मारतो तेव्हा सोंगटी कुठे येणार हे आपल्याला बऱ्यापैकी कळतं, कारण सोंगटी गोल असते आणि लाकडी फ्रेम कडक, ज्या कोनात जाते साधारण त्याच कोनात परत येते. इथे दोन्ही गोष्टी उलट्या आहेत. जाळी लवचिक आहे, चेंडू आला की ती मागे जाते, दोऱ्या एकमेकींवर घासतात आणि चेंडूची बरीच ऊर्जा तिथेच उष्णता होऊन संपते, म्हणून ताडकन गेलेला चेंडू परत येताना जीव गेल्यासारखा खाली पडतो. आणि चेंडू लांबट आहे, दोन टोकं असलेला. किक मारलेला चेंडू हवेत कोलांट्या खात जातो, म्हणजे जाळीला लागताना कधी टोक पुढे, कधी पोट पुढे. पोट लागलं तर जाळीचा धक्का थेट चेंडूच्या मध्यातून जातो आणि चेंडू सरळ मागे येतो. टोक तिरकं लागलं तर धक्क्याची रेषा मध्यातून जात नाही, मग तो धक्का चेंडूला ढकलतो कमी आणि फिरवतो जास्त, किंवा आधीच फिरणाऱ्या चेंडूची फिरकी खाऊन तिचा वेग करतो. सेकंदाच्या शंभराव्या भागाचा फरक पडला की टोकाच्या जागी पोट येतं आणि चेंडू भलतीकडेच जातो. सुरुवातीच्या बारीक फरकातून शेवटी प्रचंड फरक, गणितात ज्याला केऑस म्हणतात त्याच्या अगदी शेजारची ही गोष्ट आहे आणि ती दर किकला हजारो लोकांसमोर घडते. तरीही अनुभवी खेळाडू जाळीखाली नेमक्या जागी जाऊन उभे राहतात, कारण दिशा सांगता आली नाही तरी चेंडू कमजोर होऊन जवळच पडणार एवढं त्यांना पक्कं माहीत असतं. मला हे शहाणपण फार आवडतं.

या जाळीच्या खेळाचं फॉस्टरने पेटंट घेतलं होतं, १९९० मध्ये अमेरिकन सरकारने ते मंजूर केलं, म्हणूनच नंतर निघालेल्या बाकीच्या इनडोअर लीग जाळीशिवायच खेळत राहिल्या.

भिंतीबद्दलही सांगायला हवं. मैदानाच्या कडेला मोकळी जागा नसतेच, रेषा म्हणजेच भिंत, चार फूट उंच आणि फोमने मढवलेली. समजा १०० किलोचा खेळाडू सेकंदाला ७ मीटर वेगाने भिंतीवर गेला आणि सगळं मिळून दोन सेंटिमीटरमध्ये थांबला तर त्याच्यावर गुरुत्वाकर्षणाच्या सव्वाशे पट धक्का बसेल. फोम दबल्यामुळे तोच बारा सेंटिमीटरमध्ये थांबला तर धक्का एकवीस पटीवर येतो. ऊर्जा तेवढीच, फक्त थांबायला जागा मिळाली, झेल घेताना आपण हात मागे नेतो तेच हे. पण फोम हाडं वाचवतो, डोकं अचानक थांबलं की कवटीच्या आतला मेंदू पुढे जातच राहतो, आणि हेल्मेटही ते पूर्ण थांबवू शकत नाही. कमी पगारात हे रोज सोसणाऱ्या खेळाडूंबद्दल मला मनापासून आदर आणि काळजी दोन्ही वाटतं.

आणि आवाज. उघड्या स्टेडियममध्ये आवाज वर आकाशात निघून जातो, हॉलमध्ये तो छतावरून, भिंतीवरून परत परत येतो आणि विरायच्या आत नवी आरोळी त्यात मिसळते. पाहुण्या क्वार्टरबॅकला शेजारच्याशी बोलायचं तरी खुणा कराव्या लागतात.

अशाच एका गच्च भरलेल्या हॉलमध्ये, आयोवातल्या डे मॉइन शहरात, ऑगस्ट १९९६ मध्ये दहावी अरीना बोल झाली. तिथल्या हॉलला लोक प्रेमाने द बार्न म्हणायचे, म्हणजे धान्याचं कोठार. घरची टीम आयोवा बार्नस्टॉर्मर्स, तिचा मालक तोच जिम फॉस्टर, आणि क्वार्टरबॅक कर्ट वॉर्नर, ज्याला १९९४ मध्ये मोठ्या मैदानावरच्या ग्रीन बे पॅकर्स टीमने काढून टाकलं होतं आणि जो मधल्या काळात सीडर फॉल्सच्या एका किराणा सुपरमार्केटमध्ये रात्री शेल्फवर सामान लावत होता. टॅम्पा बे स्टॉर्मने ती फायनल ४२-३८ अशी जिंकली. पुढच्या वर्षी वॉर्नर पुन्हा फायनलला गेला, फिनिक्सला, आणि रॅटलर्सकडून ५५-३३ हरला. दोन वर्षांत दोन फायनल हरलेला माणूस.

पण त्या हॉलमध्ये त्याच्या डोक्यात काय घडत होतं ते बघा. १९५० च्या दशकात हिक आणि हायमन या मानसशास्त्रज्ञांनी मोजून दाखवलं की समोर पर्याय वाढले की निर्णयाचा वेळ वाढतो, पण सरळ पटीत नाही, लॉगरिदमने, म्हणजे प्रत्येक नव्या पर्यायाने आधीपेक्षा कमी कमी, आणि सराव झाला की ही वाढ कमी होत जाते, कारण मेंदू वेगवेगळ्या गोष्टी एकेक न बघता अख्खं चित्र एकदम ओळखायला लागतो. सराईत ड्रायव्हर सिंहगड रोडच्या ट्रॅफिकमध्ये गाडी काढतो तसं. अरीनाच्या क्वार्टरबॅकला दर खेळीला हे करावं लागतं, अंगावर येणारा माणूस दोन-तीन पावलांवर, रिसीव्हर फुल स्पीडला, आणि फटीचं आयुष्य अर्ध्या सेकंदाचं. तीन सीझन, शेकडो पास, सगळे घाईचे. तिथेच पटकन निर्णय घ्यायची आणि पटकन चेंडू सोडायची सवय लागली असं वॉर्नर स्वतः सांगत आलाय. एकट्या माणसावरून शास्त्राचा नियम काढता येत नाही हे मान्य, पण सराव आणि निर्णयवेग यांचं जे नातं प्रयोगशाळेत दिसतं त्याच्याशी त्याची गोष्ट तंतोतंत जुळते. (हाच वॉर्नर पुढे आपल्याकडच्या एलिट फुटबॉल लीग ऑफ इंडियाच्या गुंतवणूकदारांमध्ये होता, त्या लीगमध्ये पुणे मराठाज नावाची टीम होती.)

१९९९ च्या सीझनमध्ये तो सेंट लुईस रॅम्सकडून मोठ्या मैदानावर आला आणि ४१ टचडाऊन पास टाकून लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. ३० जानेवारी २००० ला अटलांटात सुपर बोल, समोर टेनेसी टायटन्स, स्कोअर १६-१६, साधारण दोन मिनिटांचा वेळ उरलेला. टायटन्सचा जेव्हॉन कर्स त्याच्या अंगावर येऊन आदळत होता आणि त्याच क्षणी वॉर्नरने चेंडू सोडला, तो आयझॅक ब्रूसने झेलला आणि एंड झोनपर्यंत नेला. रॅम्स २३-१६ जिंकले. ती खेळी ७३ यार्डांची होती, डे मॉइनच्या कोठारातलं मैदान एंड झोन धरून ६६ यार्डांचं.