जळक्या ऑइलच्या बॅरलमध्ये कूलंट ओतू नका

जळकं, म्हणजे वापरलेलं ऑइल पुनर्वापरासाठी गोळा करणारी आमची गाडी तुमच्या दारात येते, बॅरल उघडलं जातं आणि आतलं ऑइल दुधट निघतं. असं बॅरल आमचा माणूस उचलत नाही. मग फोन येतो, "मागच्या वेळी तर घेतलंत!" मागच्या वेळी त्यात कूलंट, म्हणजे धातू कापताना थंडाव्यासाठी सोडतात ते तेल-पाण्याचं मिश्रण, नव्हतं.

सीएनसी-व्हीएमसीच्या (संगणकावर चालणाऱ्या धातू कापण्याच्या मशीनच्या) शॉपमध्ये हे घडतं ते बहुतेक वेळा कूलंटची टाकी साफ करताना. मशीनच्या हायड्रॉलिकचं आणि स्लाइडवेचं (सरकत्या भागांचं) ऑइल गळून कूलंटवर तरंगतं. हेल्पर तो थर काढून थेट जळक्या ऑइलच्या बॅरलमध्ये ओततो आणि सोबत कूलंटही जातं. नुसतं पाणी पडलं असतं तर बॅरल स्थिर ठेवून तळाशी साचलेलं पाणी काढता आलं असतं. कूलंटमध्ये मात्र तेल आणि पाणी एकजीव ठेवणारं रसायनच असतं. ते मिश्रण नुसतं ठेवून सुटत नाही. ऑइल शुद्ध करणाऱ्या प्लांटमध्ये तापवताना फेस होऊन उसळतं, म्हणून तिथून अख्खी गाडी परत येते आणि एकाच्या बॅरलपायी सगळ्यांचा माल अडकतो. दारातच नमुना घेण्यात पंधरा मिनिटं जातात हे मान्य, पण ते आम्ही सोडणार नाही.

तुम्हालाही हे आधी तपासता येईल. बॅरलच्या तळापर्यंत नळी घालून थोडं ऑइल काचेच्या बाटलीत घ्या आणि रात्रभर ठेवा. सकाळी तळाशी पाणी दिसलं किंवा रंग दुधट राहिला, तर आम्हाला आधी कळवा. घाई असेल तर साधारण १५० अंशांना तापलेल्या पत्र्यावर दोन थेंब टाका. तडतडलं की पाणी आहे. चष्मा घाला आणि हे बॅरलपासून लांब करा.

क्लोरीन असलेलं डिग्रीजर (ग्रीस धुण्याचं रसायन) याहून वाईट. ते मिसळलेलं बॅरल पुनर्वापराला जात नाही, जाळण्यासाठी तळोजा किंवा रांजणगावच्या घातक कचरा केंद्रात पाठवावं लागतं. तेव्हा ऑइलचे पैसे मिळत नाहीत, उलट भरावे लागतात.

कागदपत्रांचं थोडक्यात. २०१६च्या घातक कचरा नियमांत वापरलेलं ऑइल ५.१ आणि तेलकट चिंध्या ३३.२ या वर्गात येतात. चिंध्या ऑइलमध्ये कोंबू नका, त्यांचा ड्रम वेगळा ठेवा. बॅरलवर फॉर्म ८चं पिवळं लेबल लावून त्यावर साठवण सुरू केल्याची तारीख टाका, कारण ९० दिवसांची मुदत असते. मॅनिफेस्टवर (कचरा नेताना सोबत भरायच्या कागदावर) "एक बॅरल" लिहू नका, वजन लिहा. २१० लिटरच्या भरलेल्या बॅरलमधलं ऑइल साधारण १८५ किलो भरतं. तरीही काठोकाठ भरू नका, वर चार बोटं जागा सोडा. मॅनिफेस्टची पिवळी प्रत तुमच्याकडे राहते, निळी प्रत माल घेणारा प्लांट तुम्हाला पाठवतो. दोन्ही एकत्र फाइलला लावा. तपासणीला आलेले अधिकारी पहिल्यांदा हीच जोडी मागतात.

भंगारवाला किलोमागे चार रुपये जास्त देतो, हे आम्हाला ठाऊक आहे. तो मॅनिफेस्ट देत नाही. ते ऑइल उद्या नाल्यात सापडलं तर जबाबदारी तुमच्यावर येते.

आमच्या नेहमीच्या ग्राहकांना झाकणाची दोन बॅरल, नमुन्याच्या बाटल्या आणि छापील लेबलं आम्ही देतो. ऑइलचं बॅरल काळं, कूलंटचं निळं. दोन्ही एकमेकांपासून लांब ठेवा आणि टाकी साफ करणाऱ्या माणसाला ती स्वतः दाखवा. बॅरल पाऊण भरलं की फोन करा.