नॅचरल घ्यायचं का ऑरगॅनिक? क्रीमच्या डबीवरचे दोन वेगळे दावे

थंडी पडली, पाय उलायला लागले, गाल ओढल्यासारखे वाटायला लागले की हा प्रश्न हमखास येतो: नॅचरल मॉइश्चरायझर घेऊ का ऑरगॅनिक, ऑरगॅनिक दुप्पट महाग आहे म्हणजे चांगलंच असेल ना? तर हे दोन दावे एकाच शिडीच्या खालच्या आणि वरच्या पायऱ्या नाहीयेत, दोघं वेगळ्याच गोष्टींबद्दल बोलतात. नॅचरल म्हणजे माल आला कुठून, झाडापासून, मधमाशीकडून, खनिजातून का कारखान्यातल्या रसायनातून. ऑरगॅनिक म्हणजे ते झाड वाढवलं कसं, रासायनिक खतं-कीटकनाशकं मारली का, आणि बाहेरच्या कुणी येऊन ते तपासलं का. तुमच्या स्किनला सूट होईल का, हे दोघांपैकी कुणीच सांगत नाही, आणि आपण मात्र नेमकं तेच त्यात शोधत बसतो.

कोकणातलं कोकमतेल घ्या, मुठेल म्हणतात ते. कोकमाच्या बिया वाळवायच्या, फोडायच्या, आतला गर कुटून पाण्यात उकळायचा, वर तरंगलेली चरबी काढून घ्यायची आणि गार होताना हातानेच मुठीत दाबून गोळा वळायचा. नखाने खरवडलं तर मेणासारखी पापडी निघते. खोबरेल २४-२५ डिग्रीलाच पातळ होतं, कोकमतेलाला मात्र ३८-४० च्या आसपास तापमान लागतं म्हणून ते तळहातावर लगेच विरघळत नाही, जरा गरम करून मग टाचेच्या भेगांत भरायचं. आता परसातल्या ज्या झाडावर कधी फवारणी झालेली नाही त्याचा हा गोळा नॅचरल तर आहेच, ऑरगॅनिकही म्हणता येईल, फक्त त्याच्याकडे प्रमाणपत्राचा कागद नाही. उलट क्रीमच्या कारखान्यात जाणारं कोकम बटर बऱ्याचदा सॉल्व्हंटने (तेल विरघळवून घेणाऱ्या रसायनाने) काढलेलं, ब्लीच करून वास घालवलेलं असतं, तरी डबीवर 'नैसर्गिक कोकम' लिहायला कुणाची ना नाही.

आता कागदांचं बघू, कारण खरी गंमत तिथे आहे. आपल्याकडे कॉस्मेटिक्सचे २०२० चे नियम आहेत पण ऑरगॅनिक क्रीम कशाला म्हणायचं याची वेगळी व्याख्या त्यात नाही, नॅचरलची तर नाहीच नाही. 'जैविक भारत'चा लोगो असतो तो खाद्यपदार्थांसाठी, त्यामुळे तो खोबरेल तेलाच्या बाटलीवर दिसू शकतो (ते खाद्यतेल म्हणून विकलं जातं तेव्हा) पण लोशनवर तो शोधू नका. क्रीमवर बघायचा तो कॉसमॉस (नॅचरल-ऑरगॅनिक कॉस्मेटिक्ससाठीचं युरोपातलं मानक) किंवा इकोसर्टचा (अशी तपासणी करून प्रमाणपत्र देणारी फ्रेंच संस्था) शिक्का. कॉसमॉसमध्ये पण दोन प्रकार आहेत आणि इथेच लोक फसतात: 'कॉसमॉस ऑरगॅनिक' आणि 'कॉसमॉस नॅचरल'. ऑरगॅनिकवाल्यात झाडापासून थेट काढलेल्या, रासायनिक प्रक्रिया न झालेल्या घटकांपैकी किमान ९५ टक्के ऑरगॅनिक शेतीतले लागतात, शिवाय अख्ख्या क्रीमच्या वजनात किमान २० टक्के भाग ऑरगॅनिक असावा लागतो. फक्त २० का, तर क्रीममध्ये पाणीच इतकं असतं, आणि पाणी काही शेतात पिकत नाही. नॅचरलवाल्या शिक्क्यात ऑरगॅनिकची किमान अटच नाही.

आणि '९८% नैसर्गिक मूळ' असं जे मोठ्या अक्षरात छापलेलं असतं ना, त्यामागे बहुतेक वेळा आयएसओ १६१२८ ची, म्हणजे नैसर्गिक भाग किती ते मोजायच्या आंतरराष्ट्रीय पद्धतीची मोजणी असते. या मोजणीत पाणीसुद्धा नैसर्गिक म्हणून धरता येतं! म्हणजे लोशनमध्ये ७५-८० टक्के पाणी असेल तर तेवढे टक्के काही न करताच पदरात पडतात. खोटं नाही हो, पण वाचणाऱ्याला वाटतं की ९८ टक्के जडीबुटीच आहे.

म्हणून डबी उलटी करायची आणि बारीक अक्षरांतली घटकांची यादी वाचायची. नियमाप्रमाणे एक टक्क्याच्या वर असलेले घटक जास्त ते कमी अशा क्रमाने येतात, त्याच्या खालचे कसेही लिहिले तरी चालतात. झँथन गम (घट्टपणा आणणारा), फिनॉक्सिइथेनॉल (प्रिझर्व्हेटिव्ह) हे सहसा एक टक्क्याच्या आतच असतात, तेव्हा केशर, गुलाब, चंदन ही नावं त्यांच्या मागे आली तर समजून जा की ते फक्त डबीवरच्या चित्रापुरते आहेत. कोरफडीच्या जेलचं पण तसंच, ताज्या पानातला गर जवळपास रंगहीन असतो, बाटलीतलं जेल हिरवंगार असेल तर तो रंग घातलेला आहे.

मग ओलावा टिकवतं कोण? ग्लिसरीन, मध, कोरफड हे पाणी धरून ठेवतात. तेल, कोकम बटर, मधमाशीचं मेण, पेट्रोलियम जेली हे वरून झाकण घालतात म्हणजे आतलं पाणी उडून जात नाही. नुसतं तेल कोरड्या अंगाला चोळलं तर झाकायला आत काही नसतंच, म्हणून आंघोळीनंतर अंग दमट असतानाच लावायचं. ग्लिसरीन नारळाचं, पामचं की ऑरगॅनिक नारळाचं, रेणू एकच, त्वचेला फरक कळत नाही, फरक पडतो तो शेतातल्या मातीला आणि तिथे राबणाऱ्या माणसाला. त्यासाठी जास्त पैसे मोजायचे असतील तर जरूर मोजा, ते कारण मला पटतं. 'ऑरगॅनिकने सुरकुत्या जातात' हे मात्र नाही पटत.

नॅचरल म्हणजे सौम्य, हा त्याहून मोठा गैरसमज. लिंबू, लव्हेंडर, दालचिनी यांच्या तेलांतले लिमोनीन, लिनॅलूल, सिनॅमल यांसारखे सुगंधी घटक काही जणांना चांगलीच ॲलर्जी देतात, आणि झाड ऑरगॅनिक शेतातलं असलं तरी तितकीच देतात. घरी काढलेल्या कोरफडीचा पिवळा चीक पण खाजवतो, म्हणून पान कापून आधी उभं ठेवायचं, चीक निथळू द्यायचा आणि मग गर काढायचा. हा गर फ्रीजमध्ये ठेवला तरी दोन-चार दिवसांत संपवा. पाणी असलेल्या कुठल्याही क्रीमला प्रिझर्व्हेटिव्ह लागतोच, कॉसमॉस ऑरगॅनिकमध्ये सुद्धा बेंझिल अल्कोहोल, सॉर्बिक ॲसिड, बेंझॉइक ॲसिड यांना परवानगी आहे. 'झिरो प्रिझर्व्हेटिव्ह' असं पाणीवालं घरगुती क्रीम कुणी प्रदर्शनात विकत असेल तर मी चार हात लांब राहीन. कोकमतेलासारख्या बिनपाण्याच्या गोळ्याला तो नाही लागत, फक्त ओला हात घालायचा नाही.

निवडताना मी आधी वास नसलेलं बघते, मग पहिल्या चार-पाच नावांत ग्लिसरीन किंवा एखादं तेल-बटर आहे का ते, आणि मग शिक्का. मुंबई-कोकणच्या दमट हवेत तेलकट चेहऱ्याला पातळ जेल पुरतं, मराठवाड्या-विदर्भातल्या कोरड्या थंडीत हातापायांना जाड बटरच हवं. नवीन काही आणलं की कोपराच्या आतल्या बाजूला रोज थोडं लावून आठवडाभर बघायचं. लहान बाळ असेल किंवा एक्झिमा असेल तर डॉक्टरांनी दिलेलं साधं, बिनवासाचं क्रीमच वापरा, त्यात पेट्रोलियम जेली असली तरी, आणि बाळाला ऑलिव्ह ऑइल चोळत बसू नका, त्यातलं ओलेइक ॲसिड त्वचेचा वरचा थर कमकुवत करू शकतं, मग बाटली कितीही ऑरगॅनिक असो.