एका प्लगला किती वॅट धरायचे?

मे महिन्यात ग्वाल्हेरला, तिथल्या लष्कर नावाच्या भागात आत्याकडे गेलो होतो. तिच्या जुन्या वाड्याचं वायरिंग नव्याने करायचं चाललं होतं. वायरमन खोल्याखोल्यांतून फिरत, बोर्डापाशी थांबून कागदावर आकडे लिहीत होता: छोटा प्लग शंभर, मोठा प्लग हजार, पंखा साठ.

"अरे, त्या छोट्या प्लगला मी मिक्सर लावते," आत्या मला म्हणाली. "साडेसातशे वॅटचा आहे तो. मग हा शंभरच कसे लिहितो?"

वायरमनला विचारलं तर तो म्हणाला, "सब जगह यही लिखते हैं, भाईसाहब." तो खरंच बोलत होता. कुठल्या प्लगला काय लागणार हे माहीत नसेल, तर ६ अँपिअरच्या प्लगला १०० वॅट, १६ अँपिअरच्या प्लगला १००० वॅट आणि दिव्याला किंवा पंख्याला ६० वॅट धरायचे, असा भारतीय मानक ७३२ चा जुना शिरस्ता आहे. दिवे-पंख्यांच्या एका सर्किटवर १० पॉइंट किंवा ८०० वॅट, यांपुढे जायचं नाही.

पण छोटा प्लग सहज ६ गुणिले २३०, म्हणजे १३८० वॅट देऊ शकतो. तेव्हा १०० हा आकडा प्लगच्या ताकदीचा नव्हे, तो आपल्या राहणीचा अंदाज आहे. दहा प्लगांपैकी एकावर मिक्सर दहा मिनिटं फिरतो, एकावर मोबाइल लागतो, बाकीचे रिकामे असतात. सगळं एकदम चालत नाही, या भरवशावर हा हिशेब उभा आहे. इंजिनिअर त्याला डायव्हर्सिटी म्हणतात. वाड्यात १४ छोटे प्लग, ३ मोठे, ८ पंखे, १२ दिवे. बेरीज ५६०० वॅट, म्हणजे साधारण २४ अँपिअर.

हाच अंदाज अमेरिकेत वेगळ्या वाटेने बांधतात. तिथे दुकान किंवा कचेरी असेल तर प्रत्येक प्लगला १८० व्होल्ट-अँपिअर (इथे साधारण वॅटच समजा) धरतात. १२० व्होल्टवर तो दीड अँपिअर होतो, म्हणून २० अँपिअरच्या सर्किटवर १३ प्लग बसतात. घरात मात्र प्लग मोजतच नाहीत! कित्येक दशकं तिथे क्षेत्रफळावरून हिशेब होत आला: दर चौरस फुटाला ३ व्होल्ट-अँपिअर. स्वयंपाकघराच्या दोन सर्किटांचे प्रत्येकी १५०० आणि कपडे धुण्याच्या सर्किटचे १५०० वेगळे धरतात. मग एकूण बेरजेतले पहिले ३००० पूर्ण आणि त्यापुढचे ३५ टक्केच. शिवाय भिंतीलगतचा कुठलाही बिंदू प्लगपासून ६ फुटांपेक्षा लांब नसावा, असाही नियम आहे. म्हणजे प्लग भरपूर आणि भार तेवढाच, कारण चार प्लग जास्त बसवले म्हणून घरात दुसरा टीव्ही येत नाही. मला हे फार शहाणपणाचं वाटतं. आपल्याकडे उलट होतं. भार वाढेल या भीतीने प्लग कमी ठेवतात आणि मग एकाच प्लगवर एक्स्टेन्शन बोर्ड लटकतो.

कॅनडात १५ अँपिअरच्या सर्किटवर १२ पॉइंट. फ्रान्समध्ये दीड चौरस मिलिमीटरच्या तारेवर ८ प्लग, अडीचच्या तारेवर १२. ब्रिटनमध्ये महायुद्धानंतर तांबं टंचाईत होतं, तेव्हा तार वळवून पुन्हा मूळ जागी आणायची पद्धत रुजली. तिच्या एका ३२ अँपिअरच्या कड्यावर १०० चौरस मीटर जागेत हवे तेवढे प्लग बसवतात, कारण प्रत्येक पिनच्या पोटातच फ्यूज असतो.

या सगळ्यांत लष्करातला मे महिना नाही. बाहेर ४५ अंश, गच्चीच्या स्लॅबमधल्या पाइपात त्याहून जास्त. तारेतली उष्णता प्रवाहाच्या वर्गाने वाढते: प्रवाह दुप्पट, तर उष्णता चौपट. ती बाहेर टाकायला भोवतालची हवा थंड लागते. आंतरराष्ट्रीय तक्त्यात ३० अंशाला पाइपातली अडीचची तांब्याची तार २४ अँपिअर वाहते. ५० अंशाला तिला ०.७१ ने गुणतात आणि उरतात १७. दीडची तार १७.५ वरून १२ वर येते. आपल्या मानकांत केबलची क्षमता ४० अंशाला देतात, तरी स्लॅबखाली तेही कमीच.

आणि डायव्हर्सिटी? दुपारी दोनपासून पहाटेपर्यंत खोल्याखोल्यांतले कूलर एकदम सुरू असतात. "सगळं एकदम चालत नाही" हा भरवसा तिथे टिकत नाही. स्वयंपाकघराचंही तेच. मागच्या उन्हाळ्यात ओट्याजवळच्या एक्स्टेन्शन बोर्डाची एक बाजू वितळून काळी पडली होती. आत्याने तो अजून जपून ठेवलाय.

मी तिला खऱ्या वस्तू लिहायला बसवलं. इंडक्शन २०००, मायक्रोवेव्ह १२००, मिक्सर ७५०, फ्रिज १५०. एकत्र ४१००, म्हणजे जवळजवळ १८ अँपिअर. १६ च्या एका लाइनीत ते मावत नाहीत. वायरमनने स्वयंपाकघरातले शंभराचे आकडे खोडले, ओट्यासाठी चार चौरस मिलिमीटरच्या दोन स्वतंत्र लाइनी लिहिल्या आणि प्रत्येक लाइनीला वेगळा एमसीबी, म्हणजे प्रवाह जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच. कूलरचे प्लगही दिव्यांच्या सर्किटमधून काढले.

आत्याने भिंतीवर खडूने तीन फुल्या मारल्या: इंडक्शन इथे, मायक्रोवेव्ह तिथे, आणि मिक्सर खिडकीजवळ, उजेडात.